घरी सिंथेसायझर घेताना : जयपूरच्या सुरांची कसोटी

मराठी रसिकाला जयपूर हे नाव हवामहालाइतकेच गाण्यामुळे परिचित आहे. जयपूर संस्थानातील उणियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेले अल्लादिया खाँ कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि त्यांची गायकी केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून महाराष्ट्र व गोमंतकात रुजली. ज्या शहराचे नाव या गायकीला मिळाले, त्या शहरातही आज अनेक मुलांची वाद्याशी पहिली ओळख तंबोऱ्यातून वा सारंगीतून होत नाही. ती होते वाढदिवसाला भेट मिळालेल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमधून. पुण्यात, नागपुरात किंवा पणजीतही चित्र फारसे वेगळे नाही. वाद्य घरात येते, त्यातील तयार ठेक्यांवर दोन-तीन चित्रपटगीते वाजवली जातात आणि काही महिन्यांनी ते कपाटावर जाते. मुलाला गोडी नव्हती, असा निष्कर्ष मग घरातील मंडळी काढतात. पुष्कळदा दोष मुलाचा नसतो. त्या घरात जे संगीत ऐकले जाते, ते वाजवण्याची सोयच त्या वाद्यात नसते किंवा असलेली सोय कोणी दाखवलेली नसते.

सिंथेसायझरवर भारतीय सूर उमटतच नाहीत, अशी एक समजूत आहे. तिला छेद देणारे उदाहरण १९५४ इतके जुने आहे. त्या वर्षी आलेल्या 'नागिन' या चित्रपटातील पुंगीचे सूर अनेक पिढ्यांच्या कानांत बसले आहेत. संगीतकार हेमंतकुमार यांच्या त्या गीतातील पुंगी ही पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लेव्हिओलिन या वाद्यावर ते सूर वाजवले होते. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केलेले क्लेव्हिओलिन हे एका वेळी एकच स्वर देणारे, लहानसे इलेक्ट्रॉनिक पट्टीवाद्य होते. राजस्थानातील कालबेलिया समाजाचे पिढीजात वाद्य असलेल्या पुंगीचा भास एका परदेशी यंत्राने इतका हुबेहूब निर्माण केला, की पुढे खऱ्या पुंगीवरही तीच धून वाजू लागली. त्या यंत्रात शेकडो आवाज नव्हते. वादकाला पुंगीचे वळण ठाऊक होते आणि यंत्राचा सूर कोठे थरथरवायचा याची जाण होती.

एक नाव, चार वाद्ये

दुकानात 'कीबोर्ड' या एकाच नावाखाली किमान चार वेगळ्या जातींची वाद्ये मांडलेली असतात आणि खरेदीतील पहिली चूक येथेच होते. तयार ठेके, साथीचे सूर आणि अंगचे ध्वनिवर्धक असलेले वाद्य म्हणजे अरेंजर. बहुतेक घरांत येते ते हेच. आवाज मुळापासून घडवण्याची सोय असलेले वाद्य म्हणजे खऱ्या अर्थाने सिंथेसायझर. त्याला बहुधा स्वतःचे ध्वनिवर्धक नसतात. जड पट्ट्यांचा आणि प्रामुख्याने पियानोसाठी असलेला डिजिटल पियानो ही तिसरी जात. चौथी मिडी कंट्रोलरची. त्यात पट्ट्या असतात, परंतु आवाज मुळीच नसतो. तो जोडलेल्या संगणकातून किंवा फोनमधून निघतो. स्वस्त मिळाले म्हणून कंट्रोलर घरी आणून 'हे वाजतच नाही' म्हणून परत करणारे ग्राहक कमी नाहीत.

आवाज घडवणे म्हणजे काय, हे आपल्या वाद्यांच्या आधारे चटकन समजते. सतारीच्या तारेवर नखीचा आघात होताच सूर क्षणात शिखर गाठतो आणि मग झंकारत ओसरतो. बासरीचा सूर फुंकेबरोबर उमलतो, फुंक असेपर्यंत टिकतो आणि ती थांबताच विरतो. सुराचे हे उमलणे, टिकणे आणि ओसरणे सिंथेसायझरमध्ये वेगवेगळ्या बटणांनी ठरवता येते. मूळ कंप कोणत्या आकाराचा असावा आणि त्यातील तीक्ष्ण अंश किती गाळावा, हेही ठरवता येते. अरेंजरमध्ये बहुधा खऱ्या वाद्यांचे मुद्रित नमुने साठवलेले असतात. नवशिक्याला ते तत्काळ गोड वाटतात. ज्याला स्वतःचा आवाज शोधायचा आहे, त्याला मात्र सिंथेसायझर अधिक काळ पुरतो.

पट्ट्यांच्या संख्येविषयी फार विचार करण्याचे कारण नाही. घरातील पेटी साधारण तीन ते साडेतीन सप्तकांची असते आणि त्यात गायनाची साथ व्यवस्थित होते. ६१ पट्ट्यांच्या वाद्यात पाच सप्तके मिळतात. तेवढी भारतीय सुगम व शास्त्रीय संगीताला पुरेशी आहेत. पाश्चात्त्य पियानो गांभीर्याने शिकायचा असेल, तरच ८८ पट्ट्यांकडे जावे. पट्ट्यांची रुंदी मात्र पूर्ण आकाराची असावी. खेळण्यासारख्या अरुंद पट्ट्यांवर बसलेला हात पुढे पेटीवर चुकत राहतो.

त्याहून महत्त्वाची आहे स्पर्शसंवेदना. साध्या वाद्यात पट्टी हळू दाबली किंवा जोरात, सूर सारख्याच आवाजात निघतो. स्पर्शसंवेदी वाद्यात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकामागून एक जोडले जातात आणि वाद्य त्या दोहोंमधील वेळ मोजते. वेळ जितका कमी, तितका सूर मोठा. म्हणजे हे यंत्र जोर मोजत नाही, वेग मोजते. अशा सोयीचे ६१ पट्ट्यांचे प्राथमिक वाद्य सामान्यतः दहा ते पंधरा हजार रुपयांच्या घरात मिळते. त्याहून स्वस्त वाद्यांत बहुधा याच सोयीवर कात्री चालवलेली असते आणि तिच्या बदल्यात आवाजांचा आकडा फुगवलेला असतो. खोक्यावरील ४०० किंवा ६०० आवाजांच्या आकड्याला भुलू नये. त्यातील दहा-बारा आवाज घरात खरोखर वापरले जातात.

गंधार कोठे आहे?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. तंबोरा उत्तम जुळला, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला तो उपस्वर आहे. पांढरी एक या पट्टीचा षड्ज सेकंदाला सुमारे २६१.६ कंपनांचा धरला, तर त्याच सप्तकातील हा नैसर्गिक गंधार ३२७ कंपनांवर येतो. कीबोर्डवर मात्र सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तोच गंधार ३२९.६ वर असतो. फरक अडीच कंपनांचा, म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांचा. ऐकताना तो क्षुल्लक वाटेल. तंबोरा लावून त्यावर कीबोर्डचा गंधार धरून ठेवावा. दोन्ही सूर एकमेकांत न मिसळता भराभर डोलू लागतात. पंचम धरला तर असे जवळजवळ होत नाही, कारण तेथे फरक केवळ दोन भागांचा आहे. ही परीक्षा दुकानातही फोनवरील तंबोऱ्याच्या साहाय्याने दोन मिनिटांत करता येते.

हा वाद सिंथेसायझरने निर्माण केलेला नाही. तो पेटीबरोबर आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिपेटी तयार झाली आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती जाणकारांपुढे आली. मतभेद मिटले नाहीत. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. पेटीला मींड येत नाही आणि तिचे सूर श्रुतीत नाहीत, हे आक्षेपाचे मुद्दे होते. याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा अव्वल पेटीवादक अल्लादिया खाँ यांच्या गायकीचा निष्ठावंत अभ्यासक होता आणि त्याने खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले, ही गोष्ट बंदीच्या समर्थकांनी लक्षात घेतली असती तर बरे झाले असते. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी साकारून हा प्रश्न पुन्हा अभ्यासकांपुढे आणला.

पेटीचे सूर बदलायचे तर कारागिराला पितळी पट्टी खरवडावी लागते. अनेक सिंथेसायझरमध्ये आणि काही अरेंजरमध्ये हेच काम 'स्केल ट्युनिंग' या सोयीने होते. सप्तकातील बारा स्वरांपैकी प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे किंचित उतरवता वा चढवता येतो. नैसर्गिक स्वरमेळासाठी शुद्ध गंधार चौदा, शुद्ध धैवत सोळा आणि शुद्ध निषाद बारा भागांनी उतरवावा. कोमल गंधार सोळा, कोमल धैवत चौदा आणि कोमल ऋषभ बारा भागांनी चढवावा. मध्यम व पंचम जवळजवळ जागेवर असतात. हे आकडे षड्जापासून मोजलेले आहेत. पांढरी एकऐवजी काळी चारमध्ये गायचे असेल, तर सगळी मांडणी त्या षड्जापासून पुन्हा करावी लागते. खरेदीपूर्वी वाद्याच्या माहितीपुस्तिकेत ही सोय आहे का, ते पाहावे. विक्रेत्यालाही ती अनेकदा ठाऊक नसते. शास्त्रीय गायन शिकणाऱ्या मुलाच्या घरी शंभर जादा आवाजांपेक्षा हीच सोय अधिक मोलाची आहे, कारण तो रोज जो गंधार ऐकेल तोच त्याच्या गळ्यात बसेल.

एवढ्याने सर्व प्रश्न सुटतात, असे नाही. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच, तरी देशकाराचा धैवत चढा मानला जातो. दरबारीचा कोमल गंधार तर आंदोलित असतो. तो कोणत्याही एका पट्टीवर सापडणार नाही.

मींड आणि डावा हात

राजस्थानच्या मांड गायनात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मधली वाटच गाण्याचा गाभा असते. बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाई यांचे मांड ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. परक्या वाद्याला ही वाट सापडू शकते, याचा पुरावा जयपूरमध्येच आहे. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी पाश्चात्त्य गिटारला तरफेच्या तारा जोडून, ते आडवे ठेवून, त्यावर धातूची कांडी सरकवत मोहनवीणा घडवली. राय कूडर यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांनी आधी वाद्य बदलले, मग त्यावर मींड वाजवली.

कीबोर्डवर हे काम डावीकडचे पिच बेंडचे चक्र करते. ज्या वाद्याला हे चक्र नाही, ते भारतीय संगीतासाठी घेऊच नये, असे स्पष्ट सांगितले पाहिजे. चक्र पूर्ण फिरवल्यावर सूर सामान्यतः दोन अर्धस्वरांनी चढतो किंवा उतरतो. म्हणजे षड्ज दाबून चक्र टोकापर्यंत नेले, की बरोबर शुद्ध ऋषभ येतो. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. टोक हाताला कळते, त्यामुळे सूर चुकत नाही. पुढे हीच कक्षा चार, पाच किंवा सात अर्धस्वरांवर ठेवून षड्ज-गंधार, षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम अशा मोठ्या मींडा साधता येतात. कक्षा वाढली, की चक्राची लहानशी हालचालही सुराला फार दूर नेते, म्हणून घाई करू नये. अर्ध्यावर थांबून नेमका सूर पकडण्यास काही महिने लागतात आणि तेथे डोळ्यांचा उपयोग नसतो.

येथे एक व्यावहारिक खोच आहे. चक्र फिरवल्यावर त्या क्षणी वाजत असलेले सारेच सूर सरकतात. उजव्या हाताने मींड घेताना त्याच वाद्यातून तंबोरा वाजत असेल, तर षड्जही जागा सोडतो आणि ऐकणाऱ्याला घेरी आल्यासारखे होते. तंबोरा फोनमधून किंवा वेगळ्या यंत्रातून लावणे हा सोपा उपाय. तेच पट्टी सरकवणाऱ्या ट्रान्सपोज बटणाचे. गायिकेच्या काळी पाचसाठी बटण दाबून हात पांढरी एकवरच ठेवता येतो. सोय मोठी आहे, परंतु तिच्यावरच विसंबून राहिलेल्या वादकाची पेटीसमोर बसल्यावर तारांबळ उडते.

या मर्यादांतून काय साधता येते, ते मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दाखवले. रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जाण्याची सोय होती आणि रागसंगीताला नेमकी तीच हवी होती. त्या वेळी या तबकडीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर परदेशांतील इलेक्ट्रॉनिक संगीताचे श्रोते चकित झाले.

तयार ठेके, तयार सारंगी

यामाहा व कॅसिओ या कंपन्यांनी भारतासाठी खास वाद्ये काढली असून त्यांत तबला, ढोलक, सतार, सनई यांचे आवाज आणि केरवा, दादरा यांसारखे ठेके असतात. भजन, भावगीत वा घरगुती समारंभासाठी ते उपयुक्त आहेत. रियाजासाठी मात्र त्यांचा जपून वापर करावा. यंत्राचा ठेका गायकासाठी थांबत नाही आणि समेवर मान डोलावत नाही. एका पट्टीवर सारंगी किंवा रावणहत्थ्याचा आवाज निघू लागल्याने ते वाद्य वाजवणाऱ्याचे काम कमी होते, ही तक्रारही खरी आहे. मुलाला कीबोर्डवरील सारंगी ऐकवली असेल, तर खरी सारंगीही एकदा समोर बसून ऐकवावी. मग पट्टीतून निघणारा आवाज किती अपुरा आहे आणि चक्र कोठे फिरवायचे, ही दोन्ही उत्तरे त्याला एकदमच मिळतात.

घरी ध्वनिमुद्रण करण्यासाठी फार सामग्री लागत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ मध्ये मिडी ही पद्धत प्रचारात आली आणि आजही तीच वापरात आहे. आता एका यूएसबी तारेने कीबोर्ड संगणकाला जोडता येतो. मिडीतून आवाज जात नाही, तर कोणती पट्टी केव्हा, किती वेगाने दाबली आणि चक्र किती फिरवले, एवढीच नोंद जाते. त्यामुळे चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येतो आणि बासरीत वाजवलेली ओळ सरोदात ऐकता येते. वाजवताना ब्लूटूथचे हेडफोन मात्र वापरू नयेत. पट्टी दाबल्यानंतर सूर कानी येण्यास जो विलंब लागतो, तो ठेका बिघडवण्यास पुरेसा असतो. साधे तारेचे हेडफोन घ्यावेत. शेजाऱ्यांची झोपही त्यामुळे मोडत नाही.

धूळ, ऊन आणि वीज

जयपूरचा उन्हाळा कीबोर्डची परीक्षा पाहतो. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि धुळीची वादळे बंद खिडक्यांच्या फटींतूनही घरात शिरतात. पट्ट्यांखालील रबरी संपर्कबिंदूंवर धूळ बसली, की एखादी पट्टी मुकी होते किंवा हळू दाबूनही ओरडते. वर सांगितलेले वेळेचे मोजमाप चुकू लागल्याची ती खूण असते. वाद्य वापरात नसताना त्यावर कापडी आच्छादन असावे. प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यास पावसाळ्यात आत ओल धरते. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात वाद्य ठेवू नये. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल, तर चांगल्या प्रतीचा संरक्षक जोड वापरावा. अडॅप्टर हरवल्यास केवळ व्होल्टचा आकडा जुळवून दुसरा लावू नये. पिनच्या आतील टोक धन की ऋण, हे प्रत्येक कंपनीत सारखे नसते आणि उलट जोडणीने वाद्य कायमचे निकामी होऊ शकते.

जुने वाद्य घेण्यात कमीपणा नाही. चांगल्या सिंथेसायझरपर्यंत पोहोचण्याचा अनेकांचा मार्ग तोच आहे. मात्र प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे दाबून पाहावी. पिच बेंडचे चक्र सोडल्यावर सूर बरोबर मूळ जागी परततो का, हे तंबोरा लावून तपासावे. शेवटी वाद्य उलटे करून बॅटरीची पेटी उघडावी. तेथे पांढरी किंवा हिरवट पूड साचलेली दिसली, तर बॅटऱ्या गळल्या आहेत असे समजावे आणि सौदा तेथेच थांबवावा.